कॅन्सरच्या चाचणीत निम्म्या रुग्णांना खोटं औषध देतात का?

वर्षानुवर्षे फिरणारा मेसेज असा: ‘नव्या औषधाच्या चाचणीत नाव देऊ नका, निम्म्या रुग्णांना खोटी गोळी देऊन नुसतं बघत बसतात.’ घरचं माणूस आजारी असताना ही भीती कुणालाही वाटेल.

पित्तमार्गाच्या कॅन्सरचंच पाहू. तो बहुतेकदा शस्त्रक्रियेची वेळ टळल्यावर सापडतो. ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2010 मध्ये आले. रुग्ण 410. एका गटाला जेमसिटाबिन हे केमोचं औषध, दुसऱ्याला जेमसिटाबिनसोबत सिस्प्लाटिन हे केमोचंच दुसरं औषध. औषधाविना कुणीच नव्हतं. पहिल्या गटातले निम्मे रुग्ण 8.1 महिन्यांहून अधिक जगले, दुसऱ्यातले 11.7 महिन्यांहून. मग ही जोडीच प्रमाण उपचार ठरली. पुढे तिच्यात ड्युर्व्हालुमॅब हे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध लढायला मदत करणारं औषध घालून पाहिलं, तेव्हा तुलनेच्या गटाला त्याऐवजी औषध नसलेलं सलाईन दिलं हे खरं, पण केमोची जोडी त्यांनाही चालूच होती. मेसेजमधून नेमकं हेच गळतं.

एक अपवाद सांगायलाच हवा. पहिली केमो निष्प्रभ ठरल्यावर पुढे काय, याचं सिद्ध उत्तर नव्हतं. तेव्हा एका चाचणीत तुलनेच्या गटाला फक्त त्रास कमी करणारे उपचार मिळाले. तेही उघडपणे, खोटं औषध न देता.

तपासायचं कसं? भारतात 2009 पासून चाचण्यांची नोंदणी सक्तीची आहे आणि ती नोंदवही इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. तुलनेच्या गटाला काय देणार, हे तिथे लिहिलेलं असतं. संमतीपत्र घरी नेऊन सावकाश वाचा. डॉक्टरांना थेट विचारा, ‘दुसऱ्या गटात गेलो तर मला काय मिळेल?’ सही केल्यानंतरही चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं.