घरी रायफल बांधता येते का? पुण्यातल्या शस्त्र परवान्याची प्रक्रिया आणि अर्ज कुठे अडतो

सुटे भाग आणून घरी स्वतःच्या मापाची शिकारी रायफल बांधायची, तर अर्ज कुठे करायचा, हा प्रश्न आता वरचेवर येतो. विचारणारी बरीचशी मुलं इंजिनिअरिंगची असतात. भोसरीत ओळखीच्याकडे लेथ असतो, सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या यंत्रावर) हात बसलेला असतो आणि परदेशातले व्हिडिओ पाहून काम समजलेलंही असतं. अमेरिकेत केंद्रीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवायला सहसा उत्पादकाचा परवाना लागत नाही, म्हणून तिथला माणूस गॅरेजमध्ये बसून हे उघडपणे करतो. आपल्याकडे यासाठी अर्जाचा कुठलाही नमुना नाही, कारण खाजगी माणसाला अशी परवानगी मिळतच नाही.

कायदा इथे अगदी स्पष्ट आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्री येते. म्हणजे नळी एकीकडून, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) दुसरीकडून मागवला आणि अजून काहीच जोडलं नाही, तरी तुम्ही कायद्याच्या कक्षेत आलेले असता. कलम ५ प्रमाणे शस्त्र बनवणं, त्यात बदल करणं, दुरुस्त करणं, त्याची चाचणी घेणं यासाठी परवाना लागतो आणि तो कारखानदारांसाठी व व्यापाऱ्यांसाठी असतो. परदेशातून भाग मागवायला कलम १० खाली आयातीचा वेगळा परवाना लागतो. नळी आखूड करायची तर कलम ६ आडवं येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. ‘वापरायची नव्हती, फक्त बनवून पाहायची होती’ हा बचाव इथे चालत नाही. ज्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये काम केलं, तोही अडकतो. हात कसबी आहे म्हणून कुणी या वाटेला जाऊ नये, हे अगदी मनापासून सांगतो.

आपल्या अंगाला बसणारी रायफल हवी असेल, तर कायदेशीर क्रम असा: आधी परवाना, मग परवानाधारक विक्रेत्याकडून कारखान्यात तयार झालेली रायफल, आणि नंतर दस्त्याची लांबी, गालाचा टेकू, खांद्याला टेकणारी बट प्लेट असली जुळवाजुळव परवानाधारक कारागिराकडून. नेमबाजीच्या रायफलींमध्ये तर हे भाग मागेपुढे करण्याची सोय मुळातच असते.

आता ‘शिकारी’ या शब्दाकडे येऊ, कारण अर्जात सर्वांत जास्त नुकसान हाच शब्द करतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनंतर हौसेची शिकार हा विषयच संपला. अर्जाच्या कारणात ‘शिकारीचा छंद’ लिहिणारे आजही भेटतात. घरात आजोबांच्या काळचे फोटो असतात, जुना परवाना असतो, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. पण तुम्ही बेकायदा कृत्यासाठी शस्त्र मागताय, एवढाच अर्थ अधिकारी त्यातून काढणार. रानडुकरं पीक उद्ध्वस्त करतात हे दुःख खरं आहे, पण पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याला मारण्याची लेखी परवानगी वन विभाग देतो आणि शस्त्राचा परवाना वेगळ्या कार्यालयातून मिळतो. एक मिळाला म्हणजे दुसरा मिळाला असं होत नाही. हातात बंदुकीचा परवाना असूनही वन विभागाच्या आदेशाशिवाय रानडुकरावर गोळी झाडली, तर तो गुन्हाच.

मग रायफलीचा परवाना कोणत्या कारणावर मिळतो? कलम १३ नीट वाचलं तर निम्मा गोंधळ मिटतो. किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक, म्हणजे आपली नेहमीची बारा बोअर, स्वसंरक्षण किंवा खेळासाठी. ठासणीची बंदूक पीक संरक्षणासाठी. आणि पॉइंट टू-टू रायफल किंवा एअर रायफल रायफल क्लबच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी: या तिन्ही बाबतींत कायद्याची भाषा अर्जदाराच्या बाजूची आहे, म्हणजे नकाराचं कारण नसेल तर परवाना द्यावा अशी. बाकी सगळ्या शस्त्रांसाठी ‘सबळ कारण’ आहे याची अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. पॉइंट ३१५ किंवा थर्टी-ओ-सिक्स स्पोर्टिंग रायफल या दुसऱ्या गटात येते. पॉइंट ३०३ तर निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला बंदी असलेल्या नळीच्या मापात मोडते, सेमी-ऑटोमॅटिक (प्रत्येक वेळी चाप ओढला की पुढची गोळी आपोआप भरणारी) रायफलही निषिद्ध, त्यामुळे सामान्य माणसाने तिकडे वळूच नये. थेट ३१५ मागून कारण मोघम लिहिणाऱ्यांचे अर्ज पडतात आणि त्यांना वाटतं की वशिला कमी पडला.

शस्त्र नियम २०१६ मध्ये कारणांचे तीन गट आहेत: जिवाला किंवा मालमत्तेला खरोखर धोका असणारे; गेली दोन वर्षं नेमबाजी क्लबचे सक्रिय सदस्य असलेले खेळाडू; आणि सैन्य, केंद्रीय दलं किंवा पोलिसांत सेवेत असलेले किंवा सेवा केलेले, ज्यांना खरी गरज आहे असे. धोक्याचं कारण लिहिणार असाल तर त्याला कागद जोडा. तक्रारीची प्रत, गुन्ह्याची नोंद, रात्री-अपरात्री रोकड घेऊन जावं लागतं हे दाखवणारी व्यवसायाची कागदपत्रं, वस्तीपासून लांब असलेल्या शेतघराचा सातबारा, यांतलं जे लागू असेल ते. ‘सध्याचे दिवस वाईट आहेत’ हे कारण नव्हे.

खेळाडूंच्या बाबतीत ‘दोन वर्षं’ हा शब्दप्रयोग चुकीचा वाचला जातो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून नेमबाजी) कांस्यपदक मिळवल्यापासून पुण्यात रायफलीची ओढ वाढली, आणि ती फार चांगली गोष्ट आहे. पण दोन वर्षांपूर्वी पावती फाडून सदस्य झालो, एवढ्याने भागत नाही. ‘सक्रिय’ हा शब्द त्यात आहे. रेंजवरची हजेरी, स्पर्धांतला सहभाग, मिळालेले गुण, प्रशिक्षकाचं पत्र हे सगळं पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावत जा. दोन वर्षांनी क्लबकडे मागायला गेलात तर अर्धं सापडत नाही. दरम्यान हात रिकामे राहत नाहीत. क्लबची रायफल त्यांच्या रेंजवर, त्यांच्या देखरेखीखाली चालवता येते. मझल एनर्जी, म्हणजे नळीतून बाहेर पडताना छऱ्याची ऊर्जा, २० ज्यूलच्या आत आणि बोअर पॉइंट १७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर, असलेल्या एअर रायफलीला तर परवाना लागतच नाही. १० मीटरचा ऑलिंपिक प्रकार याच बोअरवर होतो. ज्याला रायफलीचं खरंच वेड आहे, त्याने सुरुवात इथूनच करावी. बालेवाडीच्या क्रीडा संकुलात जाऊन एकदा रेंज पाहून यावी.

अर्ज कुणाकडे करायचा, ही पुण्यातली खास अडचण. पुणे शहरात पोलीस आयुक्त, पिंपरी-चिंचवडमध्ये तिथले पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हादंडाधिकारी. महापालिकेची हद्द आणि पोलीस आयुक्तालयाची हद्द एक नाही, इथे लोक फसतात. पिंपरी-चिंचवड आयुक्तालय २०१८ मध्ये वेगळं झालं आणि हिंजवडी, चाकण, आळंदी, तळेगाव दाभाडे हा पट्टा तिकडे गेला. लोणी काळभोर आणि लोणीकंद २०२१ मध्ये ग्रामीणमधून शहरात आले. पत्त्यावर ‘पुणे’ लिहिलंय म्हणून शहर आयुक्तालय निवडलं आणि अर्ज काही महिने फिरून परत आला, असं होतं. अर्ज भरण्याआधी आपलं पोलीस ठाणं कोणतं आणि ते कोणत्या आयुक्तालयात येतं, हे ठाण्यात जाऊनच विचारा.

आंबेगाव, खेड, मुळशी, बारामती या भागांतल्या शेतकऱ्यांना आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते, वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे. भीमाशंकर, ताम्हिणी, मयूरेश्वर-सुपे ही अभयारण्यं तुमच्या गावापासून किती लांब आहेत ते आधी पाहा. फाइल महिनोन्‌महिने हलत नाही आणि टेबलावरचा माणूस ‘अजून आलं नाही’ एवढंच म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा हीच संमती अडलेली असते. कुठला कागद अडला हे अर्जदाराला एका ओळीत कळवायला काय हरकत आहे, हे मला आजवर समजलेलं नाही.

अर्ज नमुना ए-१ मध्ये, गृह मंत्रालयाच्या एनडीएएल-एएलआयएस या पोर्टलवर भरायचा. त्यातून पुढे युनिक आयडेंटिफिकेशन नंबर तयार होतो, आणि तो नसलेला परवाना आज ग्राह्य धरला जात नाही. वय २१ पूर्ण हवं. फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार, पत्त्याचा पुरावा, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र ही बाकी कागदपत्रं सरळ आहेत. पत्त्यावर मात्र लक्ष द्या. आधारवर गावचा पत्ता आणि राहायला कोथरूडमध्ये भाड्याने, तोही ११ महिन्यांच्या करारावर, असे अर्जदार खूप असतात. चौकशीचा हवालदार येईपर्यंत करार संपलेला असतो किंवा घर बदललेलं असतं आणि अहवालात ‘अर्जदार दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही’ असं जातं. करार नूतनीकरण करूनच अर्ज करा आणि मधे घर बदललं तर त्याच आठवड्यात लेखी कळवा.

खरे अडणारे कागद दोन. पहिला वैद्यकीय दाखला. त्यात शारीरिक तंदुरुस्तीबरोबर मानसिक आरोग्याचा आणि अर्जदार दारू-अमली पदार्थांच्या अधीन नसल्याचा स्पष्ट उल्लेख लागतो. नेहमीचे डॉक्टर ‘फिट’ एवढं लिहून सही करतात, आणि तो दाखला परत येतो. मानसिक आरोग्याबद्दल लिहायला अनेक डॉक्टर कचरतात, आणि त्यात त्यांचंही चूक नाही. नियमांतला नमुना छापून सोबत न्या आणि तोच भरून मागा. दुसरा कागद शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचा. ‘बंदूकच नाही तर शिकू कुठे’ असं लोक वैतागून विचारतात. प्रशिक्षण क्लबच्या किंवा प्रशिक्षकाच्या शस्त्रावर घेता येतं, पण कुणाचं प्रमाणपत्र मान्य होईल हे पैसे भरण्याआधी परवाना शाखेत विचारून घ्या. कुठल्याही एजंटाने ‘घरपोच’ दिलेलं प्रमाणपत्र घेऊ नका. खोटा कागद जोडला तर परवान्याबरोबर अब्रूही जाते.

जुना गुन्हा, जामीनपत्र, सोसायटीच्या भांडणातली अदखलपात्र तक्रार, जे असेल ते अर्जात विचारलंय तिथे लिहा. निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रत जोडा. पोलीस ठाण्यात ती नोंद सापडणारच आहे, आणि लपवलं हेच नकाराचं कारण होतं.

पोलिसांनी अहवाल ३० दिवसांत द्यायचा आणि अहवाल आल्यावर परवाना अधिकाऱ्याने ६० दिवसांत निर्णय घ्यायचा, असं नियम सांगतात. हे ६० दिवस अर्जाच्या तारखेपासून मोजून लोक भांडायला जातात. ते अहवाल मिळाल्यापासून मोजायचे असतात. अहवाल वेळेत आला नाही तर त्याच्याशिवाय निर्णय घेण्याची मुभा अधिकाऱ्याला कलम १३ मध्येच आहे. नम्रपणे, लेखी अर्जात त्या तरतुदीची आठवण करून द्या आणि पोच घ्या. तोंडी चौकशीचा कुठेच पुरावा राहत नाही.

नामंजूर झालं तर कारण मागा. नकाराची कारणं लेखी नोंदवणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि अर्जदाराने मागितल्यावर ती थोडक्यात द्यावी लागतात. सार्वजनिक हिताचा अपवाद सोडला तर. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने नकार देता येत नाही, हेही कलम १४ मध्ये लिहिलंय. कमी पगाराच्या माणसांनी हे लक्षात ठेवावं. अपिलाची मुदत आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांची असते, म्हणून आदेश ज्या दिवशी हातात पडला ती तारीख पाकिटासकट जपून ठेवा.

घरी आजोबांची किंवा वडिलांची बंदूक असेल, तर नव्या अर्जापेक्षा वारसाचा मार्ग पाहा. परवानाधारक वारले तर शस्त्र विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि पावती घ्यायची. दिवसकार्याच्या धावपळीत हे राहून जातं आणि कपाटातली ती बंदूक विनापरवाना शस्त्र ठरते. जमा केल्यावर मग वारसाने आपल्या नावाने अर्ज करायचा, बाकी वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडून. परवानाधारक हयात असतानाही त्यांचं वय ७० झालं असेल किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तर ते वारसाच्या नावे करता येतं, आणि घरात कुणी आजारी असेल तर हे आधीच करून टाकणं बरं. मात्र २०१९ पासून एका माणसाला साधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात, आणि वारशाने आलेलं शस्त्रही त्या दोनांत मोजलं जातं.

परवाना मिळाला की त्यावर खरेदीची मुदत लिहिलेली असते. त्या मुदतीत शस्त्र घेऊन नोंदीसाठी दाखवायचं. परवाना पूर्वी तीन वर्षांचा असे, आता पाच वर्षांचा आहे. जुन्या परवान्यावर पाच वर्षं गृहीत धरू नका, त्यावर छापलेली तारीखच खरी. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी गेला पाहिजे.