हिरव्या भिंतीच्या आधी

चौकात किंवा कॉलनीच्या मोकळ्या जागेत जिवंत झाडांची कलाकृती करायची म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न पाण्याचा येतो. नळाला काही दिवसांआड पाणी, वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. भिंतीला टांगलेल्या कुंडीचं मे महिन्यात काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

हिरव्या भिंतीचं, म्हणजे झाडांनी मढवलेल्या उभ्या भिंतीचं, पेटंट अमेरिकेतल्या स्टॅन्ली हार्ट व्हाइट या प्राध्यापकाने १९३८ मध्येच घेतलं होतं. ती जगभर गाजवली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पात्रिक ब्लां यांनी. धातूचा सांगाडा, त्यावर प्लॅस्टिकचा पत्रा, वर जाड कापडाचे थर, माती नाहीच. मुळं कापडात रुततात आणि वरून खतपाणी पाझरत राहतं. मोटर बंद पडली की भिंत सुकली. मोठ्या शहरांत उड्डाणपुलांच्या खांबांवर दिसतात त्या कुंड्या म्हणजे याच कल्पनेची स्वस्त आवृत्ती.

जर्मनीत कलावंत योझेफ बॉइस यांनी वेगळी वाट धरली. कासेल शहरात १९८२ पासून ७,००० झाडं लावायची, प्रत्येकाशेजारी बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा, एक दगड उभा करायचा. ते १९८६ मध्ये वारले. शेवटचं झाड १९८७ मध्ये त्यांच्या मुलाने लावलं. मला ही वाट आपल्याला जास्त मानवणारी वाटते. काळा दगड तर आपल्याकडे हवा तेवढा आहे.

पण सगळ्यात जुनी रीत घराघरांत आणि देवळांत आहे. घटस्थापनेला पत्रावळीवर वावरातली काळी माती पसरायची, त्यात गहू-ज्वारी पेरायची आणि मधोमध पाण्याने भरलेला कच्च्या मातीचा नव्हे, भाजलेला पण बिनझिलईचा घट ठेवायचा. घट झिरपतो, मातीला ओल मिळते, वेगळं ठिबक लागत नाही. नऊ दिवसांत वीतभर तुरे येतात आणि दसऱ्याला ते टोपीत खोवले जातात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक विणकरांच्या घरच्या बायका त्याच दिवसांत फुलांची उतरंड रचून बतुकम्मा खेळतात, पण ती फुलं खुडलेली असतात.

लातूर जिल्ह्यात, निलंग्याला, शेतात बी पेरून शिवरायांची भव्य प्रतिमा उगवली गेली, तिचा हिशोबही घटासारखाच: ठरलेल्या दिवसापुरतं पाणी, नंतर नांगर. बारमाही भिंतीला मात्र रोज पाणी घालणारा माणूस लागतो आणि मंडळाच्या खर्चाच्या कागदावर त्याचा पगार सहसा नसतो.