रोमन प्रजासत्ताकातील शासनव्यवस्था

इटलीतील रोम येथे राजेशाही संपल्यापासून (परंपरेनुसार इ. स. पू. ५०९) पहिला सम्राट ऑगस्टस याची सत्ता स्थिरावेपर्यंत (इ. स. पू. २७) चाललेली राज्यपद्धती. तिला लिखित संविधान नव्हते. कायदे आणि पूर्वजांचे प्रघात यांवरच सारा कारभार चाले.

पुन्हा कोणी राजा होऊ नये, ही धास्ती तिच्या मुळाशी होती. सर्वोच्च पदावर एका वेळी दोन कॉन्सल असत. मुदत एक वर्षाची, आणि एकाचा निर्णय दुसऱ्याला रोखता येई. मोठ्या संकटात एकच डिक्टेटर नेमत, तोही फार तर सहा महिन्यांसाठी. न्यायदान प्रीटर पाही, खजिना क्वेस्टर. सेन्सॉर नागरिकांची व त्यांच्या मालमत्तेची नोंद ठेवीत. या पदांना वेतन नसल्याने ती साहजिकच सधन घराण्यांत फिरत राहिली.

सेनेटला कायदे करण्याचा अधिकार नव्हता, ती फक्त सल्ला देई. मात्र तिचे सुमारे ३०० सभासद बहुतेक माजी पदाधिकारी आणि सहसा तहहयात असत. कॉन्सल त्यांना क्वचितच दुखवी, कारण वर्ष संपल्यावर त्यालाही त्यांच्यातच बसायचे असे. परराष्ट्र व्यवहार आणि खर्चाच्या नाड्या सेनेटच्याच हाती राहिल्या.

कायदे आणि निवडणुका नागरिकांच्या सभांमध्ये होत, पण मते माणशी न मोजता गटवार मोजली जात. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत १९३ गट होते. घोडदळाचे १८ आणि सर्वांत श्रीमंत वर्गाचे ८० गट एकमताचे झाले की बहुमत तिथेच पुरे होई. मालमत्ता नसलेल्या सगळ्यांना मिळून एकच गट होता. त्यांची पाळी अनेकदा येतच नसे. इ. स. पू. तिसऱ्या शतकात ही वाटणी थोडी बदलली, श्रीमंतांचे पारडे मात्र जडच राहिले. स्त्रियांना आणि गुलामांना मत नव्हतेच.

या रचनेला खरा शह दिला तो प्लेबियन म्हणजे सामान्य वर्गाने. परंपरेनुसार इ. स. पू. ४९४ मध्ये कर्जाने पिचलेले हे लोक शहर सोडून टेकडीवर जाऊन बसले. तडजोडीत त्यांना स्वतःचे ट्रिब्यून, म्हणजे त्यांचे हित जपणारे पदाधिकारी, मिळाले. पुढे त्यांची संख्या दहा झाली. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणे हे पाप मानत. त्याने रात्र शहराबाहेर काढायची नाही आणि घराचे दार दिवसरात्र उघडे ठेवायचे, असा दंडक होता. तो कॉन्सलचा हुकूमही अडवू शके. इ. स. पू. २८७ पासून प्लेबियन सभेचे ठराव सर्वांवर बंधनकारक झाले.

अडवण्याचे हेच हत्यार अखेर उलटले. इ. स. पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकसच्या जमीनवाटपाच्या कायद्याला त्याचाच सहकारी ट्रिब्यून ऑक्टेवियसने अडवले. टायबेरियसने सभेकरवी त्याला पदच्युत केले. त्याच वर्षी पुन्हा निवडून येण्याच्या खटपटीत असताना सेनेटरांच्या जमावाने टायबेरियसला ठार मारले. पुढे सेनापती सुल्ला मुदतीविना डिक्टेटर झाला, सीझर इ. स. पू. ४४ मध्ये तहहयात. ऑगस्टसने जुनी पदे मोडली नाहीत. ट्रिब्यूनचे अधिकार मात्र त्याने इ. स. पू. २३ मध्ये ते पद न घेताच स्वतःकडे घेतले.