ट्राकेनर आणि हॅनोवेरियन: दार एकाच बाजूने उघडतं

2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकलं. संघात मुंबईचा हृदय छेडा होता, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी ड्रेसाज, म्हणजे स्वाराच्या बारीक इशाऱ्यांवर घोड्याने ठरलेल्या चाली करून दाखवण्याचा प्रकार, तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिला. या खेळात डोकं घातलं की थोड्याच दिवसांत दोन नावं सारखी कानावर पडू लागतात, ट्राकेनर आणि हॅनोवेरियन. दोन्ही जर्मन, दोन्ही वॉर्मब्लड. म्हणजे अरबी आणि थरोब्रेडसारखे तापट नाहीत, आणि गाडे ओढणाऱ्या अवजड घोड्यांसारखे थंडही नाहीत. उंची दोघांचीही साधारण 160 ते 170 सेंटिमीटर, कधी त्याहून थोडी जास्त. काळा, तांबूस, करडा हे रंग दोन्हीकडे सापडतात. नुसतं बघून ओळखायला जाल तर जाणकारांसारखेच फसाल.

फरक कळतो तो जन्मकथेत. प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म पहिला याला सैन्याचं भारी वेड. त्याने 1732 मध्ये पूर्व प्रशियात दलदल आटवून ट्राकेनेन इथे शाही स्टड, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीचं केंद्र, उभा केला. ते गाव आज रशियाच्या कालिनिनग्राद प्रांतात आहे आणि त्याचं नाव यास्नाया पोल्याना (टॉलस्टॉयचं ते वेगळं). तीनच वर्षांनी, 1735 मध्ये, जर्मनीतल्या हॅनोवर राज्याचा इलेक्टर (सत्ताधीश) जॉर्ज दुसरा याने सेले इथे स्टड काढला. इंग्लंडचा राजाही हाच. मात्र या दोन स्टडचा कारभार अगदी निराळा होता. ट्राकेनेनमध्ये सरकार घोडेही पाळायचं आणि घोड्याही, वीण सगळी स्वतःच्या हातात. सेलेमध्ये फक्त नर. ते हंगामात गावोगावी जायचे, शेतकरी माफक पैसे देऊन आपली घोडी दाखवायचा आणि शिंगरू त्याचं त्याला. त्यामुळे ट्राकेनर घडला घोडदळासाठी, हलका, सडसडीत, दिवसभर पळणारा. हॅनोवेरियनला शेत नांगरायचं होतं, बग्गी ओढायची होती आणि वेळ आली तर तोफखान्यातही जायचं होतं. त्याची हाडं जाड, पुठ्ठे भक्कम.

ट्राकेनरमध्ये थरोब्रेड आणि अरबी रक्त मुबलक ओतलं गेलं. त्यातून आली ती कोरीव डोक्याची, पातळ कातडीची घोडी, आणि दुडकीत क्षणभर हवेत थांबल्यासारखी वाटणारी तिची चाल. तरुण घोडे शिकारी कुत्र्यांमागे, खंदक-कुंपणांवरून पळवून पारखले जात. पहिल्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातली पार्डुबिट्सेची जीवघेणी अडथळ्यांची शर्यत या घोड्यांनी अनेकदा जिंकली. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं वैयक्तिक सुवर्ण क्रोनोसने आणि रौप्य आब्सिंथने घेतलं. दोघेही पूर्व प्रशियाचे.

आणि मग 1945 चा जानेवारी. रशियन फौजा जवळ आल्या तशी पूर्व प्रशियातली कुटुंबं गाड्या जुंपून पश्चिमेकडे निघाली. गाड्यांना जुंपलेल्या होत्या या जातिवंत घोड्या, कित्येक गाभण. गोठलेल्या खाडीवरून, फ्रिशेस हाफवरून, वाट होती. वरून विमानांचा मारा, खाली तडकणारा बर्फ, आणि सुमारे हजार किलोमीटरचा पल्ला. स्टडमधले सरकारी घोडे आधीच्या ऑक्टोबरात हलवले होते, त्यातले बहुतेक पुढे रशियनांच्या हाती पडले. हजारो घोड्यांच्या या जातीतले जेमतेम हजारएक पश्चिम जर्मनीत पोचले असतील. 1947 मध्ये विस्थापित शेतकऱ्यांनी नवी संघटना बांधली आणि उरलेल्यांवरून जात पुन्हा उभी केली. घोड्यांच्या इतिहासात याच्या तोडीचं मला दुसरं काही दिसत नाही.

हॅनोवेरियनचं संकट वेगळं होतं, ट्रॅक्टर. महायुद्धानंतर नांगराचा घोडा कुणालाच नको झाला. वेर्डेन इथल्या हॅनोवेरियन पैदासकारांच्या संघटनेने 1949 पासून लिलाव भरवून रपेटीच्या घोड्यांना गिऱ्हाईक शोधलं. पण जड घोडा हलका करायचा कसा? सेलेने थरोब्रेड आणले आणि निर्वासित ट्राकेनरही वापरले. आबग्लांझ हा ट्राकेनेनमध्ये जन्मलेला घोडा सेलेत उभा राहिला, आणि त्याच्या आब्जाट्झ या मुलाची संतती पुढे हॅनोवेरियनमध्ये नावाजली. आजच्या हॅनोवेरियनकडे बघून ट्राकेनरचा भास होतो तो इथूनच.

उलट मात्र होत नाही. हॅनोवेरियनची नोंदवही खुली आहे, निवडीत उतरलेला दुसऱ्या वॉर्मब्लड जातीचा घोडाही तिथे चालतो. ट्राकेनर बाहेरून घेतो ते फक्त थरोब्रेड, अरबी आणि त्या रक्ताचे अँग्लो-अरब किंवा शाग्या. माझ्या मते या जोडीत खरा भेद एवढाच आहे. स्वभाव, बांधा, चाल हे सगळं त्याच्या मागून येतं. दार उघडं ठेवल्यामुळे हॅनोवेरियनवाल्यांना ड्रेसाजसाठी एक आणि उड्यांसाठी दुसरी अशी स्वतंत्र घराणी झपाट्याने घडवता आली. उड्यांच्या मैदानात ते पुढे आहेत, यात वाद नाही. ट्राकेनर हुशार, दमदार, पण जरा मनस्वी. राकट हाताच्या स्वाराला तो फार दिवस सहन करत नाही.

ओळखायची सोपी खूण पूर्वी मागच्या मांडीवर असे. ट्राकेनरला एल्क हरणाच्या शिंगांची जोडी, हॅनोवेरियनला दोन घोडामुखांचा एच. हल्ली डागण्याऐवजी मायक्रोचिप असते, तेव्हा नावाकडे बघा. ट्राकेनरमध्ये शिंगराचं नाव आईच्या आद्याक्षराने सुरू होतं, हॅनोवेरियनमध्ये बापाच्या. टोकियो आणि पॅरिस दोन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारी डालेरा ही डार्क मॅजिकची मुलगी, तिच्या नावाआधी टीएसएफ लागतं. अटलांटाचा विजेता गिगोलो हा ग्राडिट्झचा मुलगा, त्याच्या नावामागे एफआरएच. ही अक्षरं दोन्ही जातींच्या खेळ-प्रोत्साहक संस्थांची, आणि ती लागतात निवडक घोड्यांनाच.

एक गुंता तरीही उरतो. बाप मान्यताप्राप्त ट्राकेनर आणि आई हॅनोवेरियन असेल, तर शिंगरू हॅनोवेरियन म्हणून नोंदवता येतं. तेच बाप हॅनोवेरियन आणि आई अस्सल ट्राकेनर असली तरी ट्राकेनरच्या वहीत त्याला जागा नाही. म्हणून घोडा विकत घ्यायला गेलात आणि विकणारा ‘अर्धा ट्राकेनर’ म्हणाला, तर कागद मागा, वहीवर कोणतं नाव छापलंय ते आधी वाचा.