पोटावर मारणारा पोटावरचा मार सोसतो का?

नेवाडातील कार्सन सिटी येथे 17 मार्च 1897 रोजी मुष्टियोद्धा बॉब फिट्झसिमन्सने चौदाव्या फेरीत जेम्स कॉर्बेटला छातीखालच्या खळगीत डाव्या हाताचा ठोसा मारला आणि हेवीवेट गटाचे जागतिक विजेतेपद जिंकले. कॉर्बेट शुद्धीवर होता, तरी श्वास कोंडल्यामुळे दहा आकडे मोजून होईपर्यंत त्याला उठता आले नाही. डोक्याला धक्काही न लावता लढत संपवता येते, हे या एका ठोशाने जगाला दाखवले. असा मार देणारा मुष्टियोद्धा तसाच मार सोसायलाही कणखर असतो, असे मात्र अनेक चाहते गृहीत धरतात आणि पुढच्या काळातील लढती पाहिल्या तर ते मान्य करणे कठीण जाते.

मँचेस्टरच्या रिकी हॅटनचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. 23 जून 2007 रोजी लास वेगासमध्ये त्याने होसे लुईस कास्टिलोला चौथ्या फेरीत बरगड्यांवरच्या डाव्या हुकने, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने, गारद केले. कास्टिलो स्वतः अंगाला भिडून पोटावर मारणारा म्हणून ओळखला जात होता, पण त्या ठोशानंतर तो गुडघ्यावर बसला तो वेळेत उठलाच नाही. पुढे 2009 मध्ये मॅनी पॅकियाओकडून हरलेला हॅटन साडेतीन वर्षे रिंगणापासून दूर राहिला आणि 24 नोव्हेंबर 2012 रोजी आपल्याच शहरात व्याचेस्लाव सेन्चेन्कोविरुद्ध उतरला, तेव्हा नवव्या फेरीत पोटावरच्या डाव्या हुकनेच त्याची लढत, आणि पर्यायाने कारकीर्दही, संपली. ज्या ठोशाने नाव मिळवून दिले त्याच ठोशाने असा शेवट व्हावा, हे त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांना फार लागले.

याचे कारण शरीररचनेत आहे. यकृत उजव्या बाजूला खालच्या बरगड्यांच्या आड असते. पोटाचे स्नायू कितीही कमावले तरी त्या जागेला ते पुरते झाकत नाहीत. तेथे नेमका ठोसा बसला की रक्तदाब एकाएकी उतरतो, पाय दुमडतात, आणि पुष्कळदा हे सारे क्षणभर उशिराने घडते. अशा वेळी जिद्द उपयोगी पडत नाही. शिवाय पोटावर मारण्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या जवळ जावे लागते, आणि उजवा हात सोडताना उजवे कोपर बरगड्यांपासून दूर होते, म्हणजे मारणाराच स्वतःचे यकृत उघडे टाकतो. ठरलेल्या वजनात बसण्यासाठी वजन उतरवल्याने आलेला थकवा आणि वाढते वय यांची त्यात भर पडते.

रायन गार्सियाने 2 जानेवारी 2021 रोजी डॅलसमध्ये ल्यूक कॅम्पबेलला सातव्या फेरीत पोटावरच्या डाव्या हुकने हरवले होते. 22 एप्रिल 2023 रोजी जर्व्होंटा डेव्हिसने त्यालाही सातव्याच फेरीत पोटावरच्या डाव्या ठोशाने खाली बसवले. त्या लढतीत गार्सियावर वजनाची कडक बंधने होती, हे त्याच्या बाबतीत लक्षात घ्यायला हवे.

याच्या उलट मेक्सिकोचा हुलिओ सेझार चावेझ आयुष्यभर यकृतावर मारत राहिला, पण पोटावरच्या ठोशाने त्याला कोणी बाद केले नाही. माझ्या मते याचे श्रेय त्याच्या सोसण्याइतकेच त्याच्या बांधणीला आहे: तो हनुवटी आत घेऊन, कोपरे बरगड्यांना लावून पुढे सरकत असे आणि ठोसा मारला की हात लगेच जागेवर आणत असे.