फाईल यादीत न दिसणे

डिस्कवर फाईल आहे, जागाही खातेय, पण फोल्डर उघडला की यादीत तिचा पत्ता नाही, या प्रकाराला मुंबईत झेरॉक्सवाल्यापासून लॅमिंग्टन रोडच्या रिपेरिंगवाल्यापर्यंत सगळेच सरसकट 'फाईल उडाली' म्हणतात, आणि बऱ्याचदा ती उडालेली नसतेच. स्क्रीनवर यादी येईपर्यंत फाईल सिस्टीम (डिस्कवर फाईली मांडून ठेवायची पद्धत), ऑपरेटिंग सिस्टीम आणि फाईल मॅनेजर असे तिघं तिच्यात आपापली काटछाट करतात, त्यामुळे नाव नेमकं कोणी गाळलं ते आधी शोधायचं, रिकव्हरी सॉफ्टवेअरचं नंतर बघू. पहिली तपासणी एकदम सोपी, ड्राईव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये किती जागा वापरलीय ते बघा, १६ जीबीच्या पेनड्राईव्हवर ९ जीबी भरलेले दाखवतोय आणि आत मात्र सामसूम, म्हणजे माल आतच आहे, फक्त झाकलाय.

झाकण्याचं काम बहुतेकदा शॉर्टकट व्हायरस करतो, कॉलेजबाहेरच्या प्रिंटच्या दुकानातून पेनड्राईव्ह फिरून आला की हा प्रसाद ठरलेला. फॅट३२, एक्सफॅट, एनटीएफएस या विंडोजवर चालणाऱ्या तिन्ही फाईल सिस्टीममध्ये प्रत्येक फाईलला हिडन आणि सिस्टीम असे दोन शिक्के मारता येतात, व्हायरस दोन्ही मारतो आणि फाईलच्या नावाने खोटा शॉर्टकट ठेवून देतो (त्यावर डबल क्लिक करू नका, त्याला तेच हवंय). इथे लोक अडकतात ते असं, की व्ह्यू मेनूत 'हिडन आयटम्स'वर टिक केली तरी काही दिसत नाही, कारण सिस्टीमचा शिक्का असलेल्या फाईलींसाठी फोल्डर ऑप्शन्समध्ये 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाईल्स लपवा' ही वेगळी टिक आहे, ती काढावी लागते. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'अ‍ॅट्रिब' ही शिक्के बदलायची कमांड चालवताना पण तेच, नुसतं वजा एच (हिडन काढ) दिलं तर तो सिस्टीम फाईलला हात लावत नाही, वजा एच आणि वजा एस सोबतच द्यायचे.

लिनक्स आणि मॅकवर लपवायची रीत वेगळी, नावाच्या सुरुवातीला टिंब असलं की यादी दाखवणारी 'एलएस' कमांड ते दाखवत नाही, 'एलएस वजा ए' म्हटलं की दाखवतो, आणि कॉपी करताना 'सगळ्या फाईली' म्हणून नुसती चांदणी (*) टाकली तर टिंबवाल्या फाईली मागेच राहतात, हे सहसा जुनी डिस्क फॉरमॅट करून झाल्यावर कळतं. लिनक्स फॅटचा हिडन शिक्का सहसा मनावर घेत नाही, म्हणून व्हायरसवाला पेनड्राईव्ह तिथे लावला की सगळं सरळ दिसतं. उलटं पण होतं, मॅकवरून आलेल्या पेनड्राईव्हमध्ये विंडोजला बऱ्याच फाईलींचा टिंब-अंडरस्कोअरवाला छोटासा जुळा दिसतो आणि दुकानदार नेमका तोच उघडून 'करप्ट आहे' सांगतो.

मराठी नावांची मात्र वेगळीच कथा आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. एनटीएफएसवर नाव २५५ चिन्हांचं चालतं, लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाईल सिस्टीमवर मर्यादा २५५ बाइटची, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक हलन्त ३ बाइट खातो, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. सोसायटीचं पूर्ण नाव, वार्षिक सर्वसाधारण सभा, इतिवृत्त, साल असं सगळं नावात कोंबलं की ती फाईल विंडोजवर मजेत राहते आणि लिनक्सच्या सर्व्हरवर कॉपी करताना एरर देऊन मागे राहते, शंभर फाईलींच्या गर्दीत तो एरर कोण वाचतंय. दुसरं म्हणजे 'दुसऱ्या'मधला ऱ्या. तो कोणी ऱ आणि हलन्त असा टाइप करतं, कोणी र, नुक्ता (अक्षराखालचं टिंब), हलन्त असा, कोणी र, हलन्त आणि न दिसणारा जोडक असा, डोळ्याला तिन्ही जवळपास सारखेच. मॅकची जुनी फाईल सिस्टीम एचएफएस प्लस ऱ फोडून र आणि नुक्ता असा साठवते, नवी एपीएफएस टाइप केला तसा ठेवते पण हे दोन्ही एकच समजते, ईएक्सटी४ नेहमीच्या सेटिंगमध्ये बाइट बघते आणि तिन्ही वेगळे धरते. मग समोर दिसणारी फाईल सर्चमध्ये सापडत नाही, त्यापेक्षा फोल्डर उघडून नजरेनेच शोधलेलं बरं.

मोबाईल केबलने जोडला तर कॉम्प्युटरला जी यादी मिळते ती अँड्रॉइडच्या मीडिया डेटाबेसमधून येते, नवीन फाईल तिथे नोंदली नसेल तर दिसत नाही, फोन रीस्टार्ट केला की बहुतेकदा येते. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून 'अँड्रॉइड' फोल्डरमधला 'डेटा' बाकीच्या अ‍ॅप्सना बंद आहे. आणि फोल्डरमध्ये 'नोमीडिया' नावाची टिंबवाली फाईल असेल तर तिथले फोटो गॅलरीत येणार नाहीत, फाईल मॅनेजरमध्ये येतील.

तारीखवार लावलेल्या यादीत कधीकधी फाईल हरवत नाही, तळाशी जाते, कारण कॅमेऱ्याचं घड्याळ बंद पडलं की फॅटवर १ जानेवारी १९८० पडू शकते, फॅटचं कॅलेंडर तिथूनच सुरू होतं. लिनक्सवर भरलेल्या फोल्डरवरच दुसरी डिस्क माउंट केली, म्हणजे जोडली, तर खालचं सगळं झाकलं जातं, अनमाउंट केलं की परत. ऑफिसात एनएफएस (नेटवर्कवरून सगळ्यांनी फाईली वापरायची सोय) असेल तर शेजारच्याने आत्ता टाकलेली फाईल तुमच्याकडे यायला डिफॉल्टला अर्धा-एक मिनिट लागू शकतो, तेवढ्यात फोनाफोनी करू नये.

खरंच डिलीट झाली असेल तर फॅटमध्ये नोंदीचा पहिला बाइट बदलतो, मजकूर वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो, म्हणून त्या ड्राईव्हवर काहीही टाकायचं नाही, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा नाही. विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क चालवलं असेल तर सुटे तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये जातात, आणि गंमत म्हणजे तो फोल्डरही हिडनच असतो, ईएक्सटी४ वर तेच काम 'लॉस्ट प्लस फाउंड' करतो. फूटपाथवर मिळणारा स्वस्तातला '२ टीबी' पेनड्राईव्ह असेल तर प्रकरण वेगळं, आत चिप असते काही जीबीची, नावं यादीत दिसतात, साइजही बरोबर दाखवते, पण चिपमध्ये न मावलेला मजकूर टिकलेलाच नसतो, तिथे कुठलीही कमांड चालवून काही परत येणार नाही.