वाचन-अनुदान (गोव्यातील प्राथमिक शाळा)

प्राथमिक शाळेतील मुलांना वाचता-लिहिता यावे म्हणून पुस्तके, वाचनसाहित्य आणि शिक्षकांची तयारी यांवर सरकार जो पैसा देते, त्याला ढोबळमानाने वाचन-अनुदान म्हणता येते. या नावाची स्वतंत्र योजना नाही. हा पैसा समग्र शिक्षा अभियानाच्या निरनिराळ्या शीर्षकांखाली येतो आणि त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, तर राज्याचा ४० टक्के असतो.

गोव्यात नुसता ‘अनुदान’ हा शब्द उच्चारला तर ऐकणाऱ्याला पुस्तके आठवत नाहीत, माध्यमाचा वाद आठवतो. १९९० मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्रादेशिक भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान, असे धोरण ठरले. चर्चच्या संस्थांनी चालवलेल्या अनेक शाळा त्यानंतर कोकणीकडे वळल्या. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदान खुले केले. त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला आणि पुढची काही वर्षे राज्याच्या राजकारणावर या प्रश्नाची छाया राहिली. त्या वादातले अनुदान मुख्यतः खाजगी शाळांतील शिक्षकांच्या पगाराचे. मुलाच्या हातात पुस्तक देणारे अनुदान वेगळे आणि रकमेने फारच लहान. त्यावर कधी मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि तिथे वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. समग्र शिक्षेतून सरकारी प्राथमिक शाळेला ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत मिळू शकतात. एक पुस्तक सरासरी पन्नास रुपयांना धरले तर शंभर पुस्तके होतात. राष्ट्रीय पुस्तक न्यासासारख्या प्रकाशकांच्या किमती पाहता हा हिशेब अवास्तव नाही. अडचण पुढे आहे: कपाट, कुलूप, नोंदवही, आणि पुस्तक फाटले तर जबाब कोण देणार ही धास्ती. परिणामी पुस्तके कपाटात नवीकोरी राहतात.

शाळेला एकत्रित शाळा अनुदान वेगळे मिळते. ते पटसंख्येवर बेतलेले असते. २०२१ नंतरच्या दरांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला १०,०००, १०० पर्यंत २५,००० आणि २५० पर्यंत ५०,००० रुपये. यातूनच वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, खडू आणि स्वच्छतेचा खर्च भागवायचा. ही मोजपट्टी गोव्याच्या डोंगराळ भागाला विशेष जाचक ठरते. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांत वाडे (वस्त्या) विखुरलेले आहेत, त्यामुळे पट मुळातच कमी. छप्पर मात्र पट पाहून गळत नाही. त्यात एकच शिक्षक चार वर्ग सांभाळत असेल तर कागदपत्रे भरण्यातच त्याचा निम्मा दिवस जातो. शिवाय अनुदानित शाळांचे बालरथ, म्हणजे शाळेच्या बसगाड्या, वाड्यावरून मुले घेऊन जातात आणि सरकारी शाळेचा पट आणखी घटतो.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या काळात, १९६३ नंतर, गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, आणि आजही सरकारी प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाचे प्रमाण मोठे आहे. त्यामुळे येथे वाचन शिकण्याला एक खास वळण मिळते. मूल घरी कोकणीत ‘उदक’ म्हणते आणि मराठी पुस्तकात ‘पाणी’ वाचते. वेळीप, कुणबी, गावडा या आदिवासी समाजांच्या घरची बोली आणि पाठ्यपुस्तकाची मराठी यांत अंतर असते. हाताळता आले तर हे अंतर मोठे नाही, कारण देवनागरी दोन्हींना सामायिक आहे. पण मुलाचा उच्चार चूक ठरवला की ते एकदम रुंदावते. वास्कोच्या झुआरीनगरसारख्या वस्त्यांत प्रश्न निराळा आहे. तिथे कन्नड, तेलुगू किंवा हिंदी बोलणारी मुले मराठी, कोकणी वा इंग्रजी वर्गात बसतात. पट कमी नसतो म्हणून ही शाळा गरजू वाटत नाही, आणि मोजणीत ती सहज निसटते.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले. तिसरीच्या मुलाने वयाला साजेसा, अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या वेगाने बिनचूक वाचावा, अशी त्याची एक खूण आहे. वेग मोजणे सोपे. आशय कळला की नाही हे विचारायला वेळ लागतो, म्हणून वेगावरच भर राहण्याची भीती असते.

खर्चाचा निर्णय शाळा व्यवस्थापन समितीने घ्यायचा असतो. कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. गोव्यात पालक-शिक्षक संघ जुने आणि बऱ्यापैकी जागे आहेत, त्यामुळे पुस्तकांची निवड पालकांच्या हाती देण्याची सोय इथे आयती आहे. निधी आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात पोहोचला तर ३१ मार्चपूर्वी तो संपवण्याची घाई होते. दुकानदार देईल तो गठ्ठा घेऊन बिल जोडले जाते. अशा गठ्ठ्यात सहावीच्या मुलालाही जड जाणारी चरित्रे आणि एकाच गोष्टीच्या पाच प्रती सापडतात. आधीच यादी करून ठेवणाऱ्या शाळेत हे घडत नाही. तिथे गणेशचतुर्थीच्या सुटीआधीच पुस्तके मुलांच्या दप्तरातून घरी जातात, आणि काही वेळा आजी-आजोबांनीही ती वाचलेली असतात.